मिस्टर थ्रॉसल यांचा तेरावा भाग

मिस्टर एडविन थ्रॉसल यांनी उभ्या आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं, आणि तेही सार्वजनिक वाचनालयात, दोरीनं टेबलाला बांधलेल्या पेनानं.

हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही, त्यांना मिस्टर थ्रॉसल माहीत नाहीत. मार्श ऑलर्टन गावात ते एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की खाटीक आपोआप तराजूवरचा अंगठा काढून घेत. एका नाताळात त्यांनी खुद्द सासऱ्यांच्या दुकानातला तराजू जप्त केला होता. सासरे त्यानंतर अकरा वर्षं जगले, पण जावयाशी बोलले नाहीत. मिस्टर थ्रॉसल यांचं म्हणणं असं की तराजू पाव औंसानं खोटा होता, त्याला ते काय करणार? असा माणूस निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी 'संग्रह पूर्ण आहे काय?' या प्रश्नापुढे 'होय'च्या चौकोनात खूण करतो आणि खाली सही ठोकतो, ही गोष्ट साधी नव्हे.

त्याचं असं झालं. वाचनालयात दरवाज्याशी एक काचेचं कपाट होतं. दर महिन्याला गावातल्या कुणा एकाचा संग्रह त्यात मांडत. कपाट लहान, पण मान मोठा. आदल्या वर्षी कुणीतरी त्यात चहाचा जुना सेट ठेवला आणि त्यात दुधाचं भांडंच नव्हतं. त्यावर स्थानिक वर्तमानपत्रात तीन आठवडे पत्रं येत राहिली. तेव्हापासून ग्रंथपाल मिस ओकली यांनी नमुना क्रमांक चार नावाचा अर्ज काढला आणि अपुरा संग्रह कपाटात घ्यायचा नाही असा नियम केला.

मिस्टर थ्रॉसल यांच्याकडे 'जिन्याखालची कुजबुज' या भयकथांच्या मालिकेचे भाग होते. मिस हेस्टर व्हिनी या बाईंनी संपादित केलेली ही स्वस्तातली पुस्तकं. मुखपृष्ठावर कवटी, नाहीतर मेणबत्ती, नाहीतर दोन्ही. कधी वर्षात दोन भाग निघत, कधी दोन वर्षांत एक. एकूण भाग वीस. आत इतरांच्या कथा आणि सुरुवातीला बाईंची दोन पानांची प्रस्तावना. मिस्टर थ्रॉसल यांना कथांपेक्षा त्या प्रस्तावना प्रिय होत्या. भुतांविषयी इतक्या नेमकेपणानं, जणू मोजमाप घेऊन लिहिणारी दुसरी व्यक्ती त्यांना भेटली नव्हती.

वीस भागांपैकी एकोणीस त्यांच्याकडे होते. तेरावा नव्हता.

तेरावा कुणाकडेच नव्हता. लीड्सला राहणारे मिस्टर लॅम्बर्न भयकथा-संग्राहकांसाठी एक परिपत्रक काढत. त्यात सतरा वर्षांपूर्वी छापून आलं होतं : 'भाग तेरा : अत्यंत दुर्मीळ.' मग कुणी म्हणालं, गोदामाला आग लागून सगळ्या प्रती जळाल्या. कुणी म्हणालं, त्यातल्या एका कथेवरून एका सरदारानं खटला भरला. मिस व्हिनींनाच विचारावं, तर त्या नऊ वर्षांपूर्वी वारल्याचं त्याच परिपत्रकात आलं होतं. त्या वर्षीच्या स्नेहभोजनात संग्राहकांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली होती आणि सूप गार झालं होतं.

तर वाचनालयात हा अर्ज भरायच्या रांगेत मिस्टर थ्रॉसल यांचा हात 'नाही'च्या चौकोनाकडेच चालला होता. पण मागे शेजारच्या मिसेस ग्वेन पार्टरिज उभ्या होत्या. त्यांच्या हातातही नमुना चार होता. त्यांच्याकडे शिवताना बोटात घालायची अंगुस्तानं होती, दोनशे चाळीस, आणि त्यांनाही ऑक्टोबर महिनाच हवा होता.

"अजून तेरावा मिळाला नसेलच, नाही का?" मिसेस पार्टरिज त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हणाल्या. "वाईट वाटतं हो मला तुमच्यासाठी. एवढी वर्षं! आमची अंगुस्तानं आपली साधी. पण आहेत मात्र सगळी."

त्या 'वाईट वाटतं हो'नं घात केला. पेन एक इंच डावीकडे सरकलं.

"एक ऑक्टोबरला सकाळी दहाला मांडणी," मिस ओकली शिक्का मारत म्हणाल्या. "मी स्वतः मोजून घेते."

तेव्हा सप्टेंबरची दोन तारीख होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला, डॉरीनला, सगळं सांगितलं. डॉरीन मटार सोलत होती. तिनं हातातली शेंग आधी सोलून पुरी केली.

"जा आणि सांग त्यांना, चूक झाली म्हणून," ती म्हणाली.

"चूक नाही झाली. मी खोटं लिहिलं."

"मग तसं सांग."

"तेरावा मिळाला तर ते खोटं राहणार नाही."

"एडविन, सतरा वर्षांत मिळाला नाही तो."

"सतरा वर्षं मी फक्त शोधत होतो," मिस्टर थ्रॉसल म्हणाले. "आता मी पाठपुरावा करणार आहे."

वजनमापे खात्यात पाठपुरावा म्हणजे काय ते गावातल्या खाटकांना विचारावं. त्यांनी चार वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. उत्तरं भरपूर आली. एका बाईंनी विणकामाच्या नमुन्यांच्या मासिकाचा तेरावा अंक पाठवला. एका गृहस्थानं डुकरांच्या रोगांवरचं पुस्तक पाठवलं, भाग तेरा, आणि सोबत लिहिलं की भीती वाटायला हेही पुरेसं आहे. यांतली निम्मी उत्तरं मिस्टर थ्रॉसल यांच्या दारी आलीच नाहीत. त्यांच्या घराचा नंबर बारा-अ. मिसेस पार्टरिज यांचा बारा. टपालवाला घाईत असला की तो 'अ' त्याला दिसत नसे, आणि तो कायम घाईत असे.

सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. न्हाव्यानं सुचवलं, बाराव्या भागाच्या दोन प्रती ठेवा, कोण बघतंय? औषधाच्या दुकानातल्या माणसाचं मत पडलं की लेओमिन्स्टरला एका गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, तिथे हमखास मिळेल. मिस्टर थ्रॉसल दोन बस बदलून तिथे गेले. दुकान होतं, पण आता तिथे कुत्र्यांना आंघोळ घालत. आत शिरून त्यांनी 'भयकथा आहेत का?' असं विचारलं, तेव्हा हातात ओला पूडल धरलेली मुलगी म्हणाली, "रोजच्याच आहेत. बसा ना." परतीच्या बसमध्ये त्यांच्या पँटीला येणाऱ्या साबणाच्या वासामुळे शेजारी कुणी बसलं नाही.

सगळ्यात मोठा आधार दिला तो मिसेस पार्टरिज यांनीच, आणि तो सगळ्यात जास्त झोंबला.

"मी वाचलाय की तेरावा," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा, इस्पितळात. हिरवं मुखपृष्ठ. त्यात ती बिस्किटाच्या डब्यातल्या हाताची गोष्ट."

"ती पाचव्या भागात आहे."

"मग दोन हात असतील."

महिना निम्मा सरला. मिस्टर थ्रॉसल यांची भूक गेली. ज्या माणसानं पाव औंसासाठी सासरा गमावला, त्याच्या सहीचा एक कागद मिस ओकलींच्या फायलीत खोटा पडून होता. खाटकाच्या दुकानासमोरून जाताना आपलाच अंगठा तराजूवर आहे असं त्यांना वाटे, आणि त्यांना खरोखर लाज वाटे. शेवटी एका दुपारी बसून त्यांनी कबुलीजबाब लिहिला : 'माझा संग्रह अपुरा आहे. नमुना चारवर मी जाणूनबुजून असत्य लिहिले. एडविन थ्रॉसल.' पाकीट बंद करून, वर मिस ओकलींचं नाव घालून, त्यांनी ते रेनकोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या सामानाचा बाजार होता. तो शेवटचा प्रयत्न. तिथे नाहीच मिळाला, तर सोमवारी पाकीट वाचनालयात.

चर्चचा असा बाजार ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी म्हाताऱ्या बायकांच्या ताकदीविषयी बोलू नये. दार दोनला उघडलं आणि दोन वाजून एक मिनिटाला मिस्टर थ्रॉसल पुस्तकांच्या टेबलाखाली होते. खोक्यांत वाकून हात घालता यावा म्हणून त्यांनी रेनकोट काढला आणि शेजारच्या टेबलावर ठेवला. तिसऱ्या खोक्यात, तळाशी, एका पुस्तकाच्या कण्यावर तेराचा आकडा दिसला. त्यांनी तो धरला. दुसऱ्या बाजूनंही तो कुणीतरी धरला होता. दोघांनी ओढला. पुस्तक निघालं ते स्तोत्रांचं, आणि दुसऱ्या टोकाला चर्चचे धर्मगुरू व्हिकरसाहेब यांची बायको.

त्या गडबडीतून उठून त्यांनी टेबलाकडे पाहिलं. रेनकोट नव्हता.

"इथे माझा कोट होता!"

"हो का?" टेबलामागची बाई म्हणाली. "चांगला होता. पन्नास पेन्सला गेला."

"कुणाला?"

"ते कसं लक्षात राहणार? पन्नास कोट गेले आज."

मिस्टर थ्रॉसल पावसात भिजत घरी आले. त्यांचा कबुलीजबाब गावात कुणाच्या तरी अंगावर फिरत होता.

एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिता आलं असतं, हे खरं. डॉरीननं तेच सांगितलं. त्यांनी कागद पुढे ओढलाही. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. मिसेस पार्टरिज एक पाकीट घेऊन उभ्या होत्या.

"तुमचं आहे. चुकून आमच्याकडे आलं होतं. घड्याळामागे ठेवलं आणि विसरलेच बघा." त्या नेहमीपेक्षा गोड हसल्या. "जास्त नाही, नऊच दिवस झाले. आणि हे काय, भिजलात? कोट नाही का?"

पाकिटावर क्रोमर गावच्या टपालाचा शिक्का होता. झालं होतं असं की पाठपुराव्याच्या ओघात मिस्टर थ्रॉसल यांनी प्रकाशकाच्या कचेरीला पत्र लिहून कै. मिस व्हिनी यांच्या वारसांचा पत्ता मागितला होता. वारसांचे पत्ते आम्ही देत नाही, असं कचेरीनं कळवलं होतं, मात्र पत्र पुढे पाठवू म्हणून सांगितलं होतं. आता आतला कागद असा होता :

'प्रिय मिस्टर थ्रॉसल, माझ्या निधनाबद्दल आपण व्यक्त केलेलं दुःख वाचून बरं वाटलं. मला त्याची कल्पना नव्हती. गुरुवार सोडून कधीही चहाला या. हेस्टर व्हिनी.'

मिस्टर थ्रॉसल खुर्चीत बसले. ते पत्र त्यांनी तीनदा वाचलं. मग त्यांनी कबुलीजबाबाचा कोरा कागद बाजूला सारला.

"बुधवारी एक तारीख आहे," डॉरीन म्हणाली.

"मंगळवारी जाऊन येतो."

"आणि तिच्याकडेही नसला तर?"

"तर बुधवारी दहाला मी स्वतः उभा राहून सांगेन. पण संपादिकेकडे स्वतःची प्रत नसेल? डॉरीन, तीन गाड्या बदलाव्या लागल्या तरी बेहत्तर!"

गाड्या चार बदलाव्या लागल्या. डॉरीननं दिलेली अंड्याची सँडविचं पीटरबरो स्टेशनच्या बाकावर राहिली. मिस व्हिनींच्या दारात ते पोचले तेव्हा उपाशी होते आणि डेव्हिडच्या म्हणजे थोरल्या मुलाच्या आखूड कोटात होते. बाई एक्क्याण्णव वर्षांच्या, काठीएवढ्या बारीक, आवाज मात्र खणखणीत.

"या. मेलेल्या बाईच्या घरी लोक सहसा केक आणत नाहीत, म्हणून मीच केलाय," त्या म्हणाल्या.

पहिला अर्धा तास स्वर्गीय गेला. मिस्टर थ्रॉसल यांनी सांगितलं की मालिकेतल्या अ‍ॅग्नेस टॉली या उपेक्षित लेखिकेवर त्यांनी परिपत्रकात चौदा पानांचा लेख लिहिला आहे, तिच्या दुःखी बालपणासकट.

"अ‍ॅग्नेस? ती माझी आत्या," मिस व्हिनी म्हणाल्या. "तिनं वाणसामानाच्या यादीपलीकडे आयुष्यात काही लिहिलं नाही. एखाद्या लेखकानं ऐनवेळी दगा दिला की मीच रातोरात कथा पाडायची आणि खाली एखाद्या आत्याचं नाव घालायचं. मला आत्या सात होत्या. बालपण दुःखी होतं म्हणता? कुठून शोधलंत?"

"शैलीवरून," मिस्टर थ्रॉसल क्षीणपणे म्हणाले, आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला. मग कप खाली ठेवून, निरीक्षक पंचनाम्याला बसतात तसे ताठ बसून, त्यांनी विचारलं, "मिस व्हिनी, आपल्याकडे तेरावा भाग आहे का?"

अपशकुन टळावा म्हणून बाईंनी चटकन लाकडी टेबलाला हात लावला.

"तो आकडा या घरात काढू नका."

"पण तो भाग..."

"काढलाच नाही मी. बाराच्या पुढे चौदा. प्रकाशकांना साफ सांगितलं, त्या आकड्याच्या पुस्तकावर माझं नाव घालणार नाही. तेही लगेच कबूल झाले. विकणाऱ्यांनाही तो नकोच होता."

"पण एकोणसत्तर साल रिकामं आहे! बारावा अडुसष्टचा, चौदावा सत्तरचा!"

"एकोणसत्तरला मी कंबर मोडून पलंगावर होते."

"आपण... आपण भुतांच्या वीस पुस्तकांच्या..."

"एकोणीस."

"...एकोणीस पुस्तकांच्या संपादिका! आणि आपण एका आकड्याला घाबरता?"

"भुतं पुस्तकात असतात, मिस्टर थ्रॉसल. आकडा दारावर लागतो." बाईंनी चष्मा लावला आणि त्यांचं पत्र उचललं. "हा तुमचा पत्ता. बारा-अ. तुमच्या डावीकडे किती नंबर?"

"बारा."

"उजवीकडे?"

"चौ..." मिस्टर थ्रॉसल म्हणाले, आणि थांबले.

सत्तावीस वर्षं ते त्या घरात राहत होते. सत्तावीस वर्षं त्या नंबरापायी टपाल चुकत होतं आणि ते टपालखात्याला तक्रारी लिहीत होते. चुकलेल्या पाकिटांची त्यांनी तारीखवार नोंद ठेवली होती. आपल्या घराला 'अ' का आहे, हे मात्र एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. सतरा वर्षं ज्याला शोधलं, त्याच्याच आत राहून आपण रोज सकाळी अंडी उकडत होतो, हे त्यांना क्रोमरच्या त्या बैठकीत, तोंडात केक असताना कळलं.

आधी त्यांना भयंकर राग आला. लॅम्बर्नचा आला, न्हाव्याचा आला, पूडलचासुद्धा आला. मग हळूहळू दुसरी एक गोष्ट लक्षात आली आणि ते खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे माझा संग्रह पूर्ण आहे!"

"कधीचाच."

"म्हणजे मी खोटं लिहिलं नाही!"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक," मिस व्हिनी म्हणाल्या. "अजून केक?"

मिस्टर थ्रॉसल यांनी त्यांच्याकडून तसं लेखी मागितलं. तो आकडा लिहायला बाईंनी ठाम नकार दिला. अर्धा तास घासाघीस होऊन शेवटी कागदावर उतरलं ते एवढंच : 'बारानंतर चौदा. मधे काही नाही. हे. व्हिनी.'

एक तारखेला दहाच्या ठोक्याला ते वाचनालयात हजर झाले. मिस ओकली बोट लावून मोजत गेल्या. दहा, अकरा, बारा, चौदा. बोट थांबलं.

"मिस्टर थ्रॉसल?"

"एक मिनिट हं, मिस ओकली," मागून आवाज आला. मिसेस पार्टरिज अंगुस्तानांची पेटी काखेत मारून उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक पाकीट होतं. "मी भावासाठी बाजारात एक रेनकोट घेतला, त्याच्या खिशात हे निघालं. तुमचंच नाव आहे वर. मी उघडणार नव्हते, पण वाफेनं आपोआपच सुटलं."

मिस ओकलींनी कबुलीजबाब वाचला. मग चष्म्यावरून पाहिलं. वर्तमानपत्रं चाळणारे दोघेजण चाळायचे थांबले. मिस्टर थ्रॉसल यांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत.

"ते मीच लिहिलंय," ते म्हणाले. "आणि लिहिलं तेव्हा खरंच होतं. मी अपुरा समजूनच 'होय' लिहिलं, मिस ओकली. पुस्तकं पुरी निघाली, त्यात माझं काही श्रेय नाही. आता हे वाचा, आणि मग काय ते ठरवा."

मिस ओकलींनी क्रोमरचा कागद दोनदा वाचला.

"म्हणजे तेरावा भाग नाहीच?"

"काहीतरीच!" मिसेस पार्टरिज म्हणाल्या. "मी स्वतः वाचलाय! हिरवा!"

"आपल्याकडे आहे का तो, मिसेस पार्टरिज?"

"माझ्याकडे कुठून असणार? मी बारामध्ये राहते," त्या तावातावानं म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते जणू त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी एकदा बारावा भाग पाहिला, एकदा चौदावा, आणि मग मिस्टर थ्रॉसल यांच्याकडे पाहिलं. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीच!"

मिस ओकलींनी नमुना चार काढला, 'होय'वर पुन्हा एकदा शिक्का मारला आणि कबुलीजबाब त्यालाच टाचून ठेवला. नियमात कबुलीजबाबाची तरतूद नव्हती, पण फाडायचीही नव्हती. अंगुस्तानांना नोव्हेंबर मिळाला.

"फक्त," मिस ओकली म्हणाल्या, "ही मधली फट वाईट दिसते. महिनाभर लोक मलाच विचारणार."

मिस्टर थ्रॉसल यांनी क्षणभर त्या फटीकडे पाहिलं आणि ते तडक घरी गेले. डॉरीन दारात येऊन बघते तो नवरा स्क्रूड्रायव्हर घेऊन फाटकाशी गुडघे टेकून बसलेला.

"काय करतोयस?"

"पुरं करतोय."

चार स्क्रू निघाले. पितळी पाटी त्यांनी बाहीनं पुसली. अकराला पाच कमी असताना ती काचेच्या कपाटात बाराव्या आणि चौदाव्या भागाच्या मधे उभी राहिली. मिस ओकलींनी मोजलं. बारा, बारा-अ, चौदा. बोट थांबलं नाही.

संपूर्ण ऑक्टोबर मिस्टर थ्रॉसल कपाटाशी उभे राहिले. समजावून सांगायची तयारी त्यांनी ठेवली होती, पण वेळच आली नाही. माणसं वाकून बघत, पाटीशी थांबत आणि हसत. तिसऱ्या दिवशी एक खाटीक आला, ज्याचा तराजू कधीकाळी त्यांनी जप्त केला होता. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग टोपी काढली.

"चर्च स्ट्रीट," तो म्हणाला. "आम्हीसुद्धा बारा-अ."

पाटी नसल्यामुळे त्या महिन्यात बारा-अचं एकूण एक टपाल बाराला गेलं. मिसेस पार्टरिज यांनी ते रोज, त्याच दिवशी, न उघडता आणून दिलं. महिनाअखेरीला त्या रेनकोटही देऊन गेल्या, इस्त्री करून, आणि पन्नास पेन्स मागून घेतले.